डावीकडचा पत्रा

पंचेचाळिशीत माणसाला काय सुचेल, सांगता येत नाही. मला दोन सीटची स्पोर्ट्स कार सुचली. पुण्यातल्या एका गृहस्थांकडून मी ती जुनी, लाल, रस्त्याला पोट टेकवून चालणारी गाडी घेतली आणि नवीन जालन्यात आमच्या बियाणे कंपनीच्या ऑफिससमोर नेऊन उभी केली. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे बाहेर आले. "हिच्यात बसायचं का निजायचं?" असं एकानं विचारलं. मी हसलो, पण आतून चांगलाच फुगलो होतो. वीस वर्षं प्रयोगशाळेत बियांची उगवण तपासणाऱ्या माणसाकडे लोक पहिल्यांदाच वळून बघत होते.

गाडीत एक खोट होती. इंजिनाची सगळी आग पायाशी यायची. अर्धा तास चालवली की ब्रेकवरचा पाय बुटासकट शेकायचा. उन्हाळा लागला तसा मी हैराण झालो. बायको एकदाच डावीकडे बसली आणि मोतीबागेपर्यंत पाय सीटवर घेऊन, मांडी घालून आली. "मी रिक्षानं येईन," म्हणाली. मी तिला नाजूक म्हणून चिडवलं.

शेवटी ऑफिसातलं थर्मामीटर घरी आणलं. पिस्तुलासारखं नुसतं रोखायचं की तापमान दाखवतं. आधी माझ्या पायाजवळच्या पत्र्यावर रोखलं, मग डावीकडच्या. डावीकडचा आकडा बराच मोठा होता. हे मी स्वतः वाचलं होतं, म्हणून सांगतो. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

एमआयडीसीत एक पत्र्याचं काम करणारा कारागीर होता. आधी लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीवर होता. भट्टीला आतून लावतात ती पांढरी, लोकरीसारखी गादी त्याच्याकडे पडलेली असायची. त्यानं गाडीतले दोन्हीकडचे गालिचे उपसून बाहेर फेकले, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, सायलेन्सरचा पाइप डाव्या अंगानं जाऊन राह्यला. खरी आग तिकडं हाये. पहिले ती बाजू करू."

"डावीकडं रोज बसतंय कोण?" मी म्हणालो. "माझी बाजू आधी करा. शनिवारी मला गाडी पाहिजे."

त्यानं माझी बाजू मन लावून केली. पॅडलजवळची भोकं रबरानं बुजवली, पत्र्यावर ती गादी अंथरली, तिच्यावर बोटभर जागा सोडून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला आणि गालिचा परत बसवला. चालवून पाहिली तर पाय गार. मी त्याची पाठ थोपटली. डाव्या बाजूचा गालिचा आणि उरलेली गादी गुंडाळून डिकीत टाकली. पुढच्या आठवड्यात करू, असं ठरलं.

शनिवारी गाडी हवी होती ती अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे वडील. वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावात राहतात, मोसंबीची बाग अजून स्वतः बघतात. दर तीन महिन्यांनी साखर तपासायला मी त्यांना जालन्याला आणतो. साखरेनं त्यांच्या पायांतली जाण गेली आहे. एकदा शेतातल्या चिखलात एक चप्पल अडकून राहिली आणि हे तसेच बांधापर्यंत चालत आले. आईनं विचारलं तेव्हा कळलं. हा किस्सा ते पाहुण्यांना रंगवून सांगायचे आणि आम्ही सगळे हसायचो. मीही.

मे महिन्यातली भर दुपार होती. गाडी दारात लागली तशी अर्धी गल्ली जमली. आईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अप्पांनी नारळ फोडला. मग दार उघडून त्यांनी चपला काढल्या, एकावर एक ठेवून आत सीटखाली सरकवल्या आणि अनवाणी पाय उघड्या पत्र्यावर ठेवले. आमचा पहिला ट्रॅक्टर आला तेव्हाही ते असेच अनवाणी चढले होते.

"अप्पा, असू द्या पायात," मी म्हणालो.

"न्हाई. पूजा झाली ना आत्ता? लक्ष्मीवर चप्पल घालून बसू न्हाई."

मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझ्या ज्या हौसेला सगळं घर हसत होतं, तिच्यापुढे या माणसानं चप्पल काढली होती.

जालन्यापर्यंत तासापेक्षा जास्त वेळ लागला. एसीचा झोत तोंडावर होता. अप्पा खुशीत होते. अंबडपर्यंत त्यांनी दोन्ही बाजूंच्या बागांचा हिशेब सांगितला, कुणाची तगली, कुणाची वाळली. मी एकदा विचारलं, "गरम होत नाही ना?" ते म्हणाले, "बिलकुल न्हाई. गार लागून राह्यलं." आणि मी त्या उत्तरावर निवांत झालो. ज्या माणसाला पायातली चप्पल गेलेली कळत नाही, त्याला मी पाय भाजतात का म्हणून विचारत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोला आमच्या जालन्याच्या घरातल्या फरशीवर ओले ठसे दिसले. एकाच पायाचे. त्यांच्यामागे ती गेली तर अप्पा खिडकीशी पेपर वाचत बसलेले. तळव्यावर करंगळीपासून मधल्या बोटापर्यंत मोठा फोड उठून फुटला होता. तिनं मला हाक मारली. मी तो पाय हातात घेतला आणि त्याच क्षणी मला पत्रा आठवला, थर्मामीटर आठवलं, डिकीतली गुंडाळी आठवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम साफ करता करता विचारलं, "कशानं भाजलं हे?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत होतो. काय खावं, काय टाळावं, असलं काहीतरी त्यावर होतं. मी ते पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.

"शनिवारी मारुतीच्या देवळात गेल्तो," अप्पा म्हणाले. "उन्हात फरशी लई तापल्ती. तिथंच उभा राह्यलो आसंन."

डॉक्टरांनी त्यांना चांगलं खडसावलं. या वयात, इतकी साखर असताना अनवाणी फिरता, काही समजतं की नाही? अप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. मी तक्ता शेवटपर्यंत वाचला. घरी गेल्यावर आई फोनवर त्यांना बोलली, बायको बोलली, आणि मला सांगायला लाज वाटते, एकदा मीसुद्धा बोललो. "अप्पा, फरशीवर उभं राहायची काय गरज होती?" ते म्हणाले, "चुकलं बाबा."

दोन महिने पट्ट्या चालल्या. जखम भरेना. करंगळी काळी पडली आणि शेवटी काढावी लागली. त्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेर मी सगळ्यांना चहा आणून देत होतो, औषधं आणत होतो, धावपळ करत होतो. "मुलगा किती करतोय," असं आमची एक मावशी आईला म्हणाली.

अप्पा घरी आले त्याच आठवड्यात मी गाडी एमआयडीसीत नेली. कारागीर हसला. "आता कोन बसनार साहेब तिकडं?"

"माझे वडील," मी म्हणालो.

त्यानं डिकीतली गुंडाळी बाहेर काढली. गादी दुहेरी घातली, खालून पाइपालाही पट्टी गुंडाळली, मध्ये जागा सोडून पत्रा, वर जाड गालिचा. परत येताना मी डाव्या बाजूला हात लावून लावून पाहिलं. गार होतं. त्या गारव्याचा मला संताप आला. एका दिवसाचं काम होतं.

दिवाळीच्या आधी अप्पा गावाकडे परत निघाले. मी सकाळीच गाडी स्टेशन रोडपर्यंत फिरवून आणली होती, म्हणजे इंजिन तापलेलं होतं. त्यांच्या पायात डॉक्टरांनी दिलेले मऊ बूट होते. त्यांनी दार उघडलं. बसायच्या आधी वाकले आणि उजव्या हाताचा तळवा खालच्या गालिच्यावर टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"आता बराबर हाये," म्हणाले.

मला रडू कोसळलं. रस्त्यावर, भर सकाळी, शेजारी बघत असताना. "अप्पा, तो फोड फरशीचा नव्हता. मला माहीत होतं इथं तापतं ते. मी माझी बाजू करून घेतली आणि तुमची ठेवली."

"मला बी माहीत हाये," ते म्हणाले. "त्या दिशी उतरताना सीटखालून चपला काढायला हात घातला, तव्हाच चटका बसल्ता."

"मंग डॉक्टरांना फरशी का सांगितली?" माझ्या तोंडी एकदम गावाकडची बोली आली.

अप्पा सीटवर बसले, बूट घातलेले दोन्ही पाय एकेक करून आत घेतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तू गप बसलास म्हणून."