दवा से आराम नहीं

पुण्याकडे 'धोका' म्हणजे संकट. आमच्या उज्जैनच्या मराठीत धोका म्हणजे दगा. आणि अरविंददादाने, माझ्या सख्ख्या भावाने, बायकोला दिला तो धोकाच. मी हे त्याच्या तोंडावर म्हटलंय, इथेही म्हणते.

रजनीवहिनी मूळची वाईची. लग्न होऊन आली तेव्हा तिची हिंदी म्हणजे कहर होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आपकी शिक्षा कहाँ हुई?" तर ही घाबरून म्हणते, "मैंने किया क्या है?" आम्ही हसून हसून लोटपोट! तीही हसली. रुसणं-फुगणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

आल्हाद झाल्यावर वर्षा-दोन वर्षांत तिचं पोट दुखायला लागलं. महिन्याचे पाच-सहा दिवस तर ठरलेले, कधी मधेच सुद्धा. ओठ चावत पडून राहायची, मग उठून पोळ्या लाटायची. सहा वर्षं हेच. बायकांचं दुखणं, चालायचंच, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची, खोटं कशाला बोलू?

शेवटी फ्रीगंजमधल्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी तपासून स्पष्ट सांगितलं, "बच्चेदानी निकालना आख़िरी रास्ता है. पहले छह महीने दवा लेंगे. आराम रहा, तो दूसरे बच्चे का भी सोच सकते हैं."

झालं! वहिनीने ते शेवटचं वाक्य धरून ठेवलं. आल्हाद आठ वर्षांचा झाला होता आणि तिला अजून एक मूल फार हवं होतं. मुलगी हवी म्हणायची, मग लगेच, "मुलगा झाला तरी चालेल गं, कल्पना."

हार्मोनच्या गोळ्या होत्या त्या. वजन वाढलं, तोंडावर पुटकुळ्या आल्या, चिडचिड व्हायची. पण एक दिवस चुकवला नाही तिने. तिसऱ्या महिन्यात आम्ही टावर चौकात चादरी घ्यायला गेलो होतो. दोन्ही हातांत पिशव्या, आणि ही मधेच थांबून म्हणते, "अगं, सकाळपासून चालतेय मी. कुठे काही दुखत नाहीये!" भर बाजारात डोळ्यांत पाणी आलं बाईच्या.

त्या चादरी पाहुण्यांसाठी होत्या. ९२ साल, सिंहस्थाचा महिना. क्षिप्रेच्या स्नानाला अख्खा महाराष्ट्र आपल्याच घरी उतरलाय असं वाटायचं. सकाळी चहाचे वीस कप, रात्री वीस ताटं, आणि करणारी ही एकटी. त्याच गडबडीत तपासणीची तारीख आली. दादा घेऊन गेला. येऊन म्हणाला, "औषध लागू पडत नाहीये. आतून वाढलंय म्हणे. काढावंच लागेल."

"पण मला तर बरं वाटतंय," वहिनी म्हणाली.

"वरवर वाटतंय. डॉक्टरला जास्त कळतं का तुला?"

बिचारीने मान हलवली. जूनमध्ये सही केली, गर्भाची पिशवी काढली.

टाके दाखवायला मी बरोबर गेले. डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "दवा से आराम हो जाता, तो ये नौबत ही नहीं आती."

"आराम तो था, मॅडम," वहिनी म्हणाली. "तीसरे महीने में दर्द था ही नहीं."

बाईंनी कागद काढला. मे महिन्याच्या तारखेखाली लिहिलेलं होतं, दवा से आराम नहीं. "मैंने पूछा, आराम है? आपने ही कहा, आराम कहाँ, मॅडम! फिर आप वज़न कराने गईं, तो मैंने आपके पति से दोबारा पूछा. वो बोले, बिल्कुल आराम नहीं है, निकाल ही दीजिए."

वहिनी माझ्याकडे वळली. "अगं, मी पाहुण्यांचं बोलत होते. घडीभर टेकायला मिळत नव्हतं, ते."

तिच्या वाईच्या मराठीत आराम म्हणजे विश्रांती. बाईंनी विचारलं होतं दुखणं कमी आहे का. नऊ वर्षं उज्जैनला राहूनही, दमलेल्या जिवाच्या तोंडून माहेरचा अर्थ निघाला. तिची चूक एवढीच. दादा तर इथेच जन्मला, त्याला दोन्ही अर्थ पाठ.

घरी आल्या आल्या मी त्याला धरला. आधी म्हणाला, गैरसमज झाला. वहिनी दारातच उभी होती, पोटावर हात धरून. "आदल्या रात्री मी तुम्हाला सांगितलं होतं, दुखणं थांबलंय म्हणून."

तेव्हा दादा चिडला. "मग काय करू? सहा वर्षं दवाखाने चाललेत. गोळ्या थांबल्या की परत दुखणं, परत तुझं ते दुसरं मूल! एक आहे ना? त्यालाच इंग्लिश मीडियममध्ये नीट शिकवू. मी नको म्हटलं असतं, तर तू ऐकलं असतंस?"

"म्हणून तुम्ही मला विचारलंच नाही?"

तो पेपर उघडून बसला. मी नको नको ते बोलले त्याला. लाज नाही वाटत, म्हटलं, नवरा आहेस की कोण आहेस? वहिनी मात्र आत जाऊन पाटावर बसली. मी मागोमाग गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कल्पना, त्यांना दुसरं नको होतं, हे तुला माहीत होतं?"

माहीत होतं. होळीला माझ्या सासरी आला तेव्हा दादा बोलला होता, दुसऱ्या मुलाच्या भानगडीत मला पडायचंच नाही, पण हिला कोण सांगणार. मी हसले होते. नवरा-बायकोचं आहे, मी कशाला मधे तोंड घालू, म्हणून वहिनीला काही बोलले नाही. नंतर बाजारात ती रडली, तेव्हाही नाही.

"हो," मी म्हणाले.

तिने माझा हात पाठीवरून काढला. झटकला नाही, नुसता काढून बाजूला ठेवला.

"तुम्ही आता घरी जा, कल्पनाताई," ती म्हणाली. "तुमची मंडळी वाट बघत असतील."