मनकवड्यासमोर पिराजी

पिराजीच्या पोटात काही राहत नाही. जोतिबाच्या डोंगरावर त्याचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं नारळ उचलला की हाच ओरडतो, “पावणं, त्यो ठेवा, आतनं नासका वाटतोय.” अशानं धंदा कसा चालतो, देव जाणे!

आणि असा माणूस दर रविवारी डोंगर उतरून मंगळवार पेठेत येतो, आमच्या खेळात जादूगार व्हायला. खेळ कल्पनेतला. वृषभ गोष्ट सांगतो आणि सगळे शत्रू चालवतो. पिराजी आणि मी आपापली पात्रं घेऊन फासे टाकतो. आठवडाभर शिरोलीच्या फाउंड्रीत साचे तपासणारा वृषभ रविवारी असा काही राक्षस होतो की अंगावर काटा येतो.

यंदा त्यानं मनकवडा राजा आणला. नियम जीवघेणा. राजानं विचारलं की जादूगारानं त्या क्षणी मनात असेल ते खरंखरं सांगायचं, मग राजा त्यावरून पुढचा मंत्र ओळखून ढाल निवडणार. ढाल बरोबर निघाली की जादूगाराच्या मनाला एक बेडी. तिसरी बेडी पडली की पात्र कायमचं राजाचं. पिराजीनं कितीतरी वर्षं जपलेल्या जादूगाराला, निखारबुवाला, दोन बेड्या पडल्या होत्या. माझी तलवारवाली तर आधीच कोठडीत, आणि तिला सोडवणार कोण, तर हा!

मी त्याला युक्त्या शिकवून थकले होते. मनात पाढे म्हण, राजाला विचार दिसणार नाही, असं सांगितलं, तर पठ्ठ्यानं पाढ्यांच्या मध्येच आगीचा मंत्र मोठ्यानं म्हणून टाकला. दुसरी बेडी त्याचीच. मला असा संताप आला होता की विचारू नका.

शेवटची फेरी आली. वृषभनं हात चोळले. “बोल पिराजी, काय टाकणार?”

“मलाच ठावं न्हाय.”

“खोटं चालत न्हाय हं!”

“खोटं न्हाय लगा. सम पडला तर आग, विषम पडला तर बर्फ. तू ढाल निवड, मग मी फासा टाकतो.”

मी खुर्चीतून उडालेच! वृषभ पिराजीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. एरवी तिथं सगळं लिहिलेलं असतं. आज काहीच नव्हतं.

“बघून काय उपेग न्हाय,” पिराजी म्हणाला. “देवाला कौल लावायला येणारी मानसं मी ल्हानपणापास्नं बघतोय. निम्म्यांचं आधीच ठरल्यालं असतंय, तोंडावर दिसतंय की. ज्याचं खरंच ठरल्यालं नसतंय, त्याचं तोंड वाचता येत न्हाय.”

वृषभ घामाघूम झाला. पिराजी नेहमी आगच टाकतो, एवढंच त्याला ठाऊक होतं. “आगीवरची ढाल!” तो म्हणाला.

पिराजीनं फासा टाकला. तो चहाच्या कपावर आपटला, गरगर फिरला. पाच! विषम! बर्फ!

राजा सिंहासनासकट गोठला. निखारबुवाच्या बेड्या तुटल्या, माझ्या कोठडीचं दार उघडलं. मी किंचाळले, वृषभ हरूनही टाळ्या पिटत होता, आणि पिराजी खुर्चीवर चढून ओरडला, “जोतिबाच्या नावानं…”

खालच्या गल्लीतून, आमचा खेळ कधी न पाहिलेल्या कुणीतरी, तितक्याच जोरात उत्तर दिलं, “चांगभलं!”