रांजणाला सांगितलेलं

माझ्या आजीनं मला कधी बोटसुद्धा लावलं नाही. अमडापुरातल्या आमच्या गल्लीत पोरी झाडूचा मार खाऊन मोठ्या झाल्या, त्यांना माझा हेवा वाटायचा. आईची मेहकरला नोकरी आणि भाऊ तान्हा, म्हणून दुसरीपासून मी वडिलांच्या आईकडे होते. आजीला मारायची गरजच नव्हती. ती अबोला धरायची.

तसा अबोला घरोघरी असतो. जावाजावांत होतो, कुणीतरी मीठ मागतं आणि मिटतो. आजीचा असा मिटायचा नाही. ती मला गरम भाकर वाढायची, वेणी घालायची, फक्त माझ्याशी बोलायची नाही. बोलायची दारातल्या पाण्याच्या रांजणाशी. "रांजणा, तिले सांग, शाळंची वेळ झाली." मी समोरच दप्तर घेऊन उभी असायची. पहिल्यांदा मला हसू आलं. तेव्हा ती रांजणाला म्हणाली, "तिले सांग, अजून दोन दिवस." हाच तिचा कायदा. हसलं की दोन दिवस वाढायचे, रडलं की दोन, आणि माफी मागितली तरी दोनच.

सातवीत असताना बाजाराच्या दिवशी मी तिच्या भाजीच्या दुकानात बसले होते. आदल्या दिवशीच्या मेथीवर पाणी मारून ती ताजी म्हणून विकायची; सगळेच विकायचे. आमच्या शाळेतल्या बाईंनी जुडी उचलली आणि मी पटकन म्हणाले, "बाई, हे कालची हाये." बाई जुडी ठेवून पुढच्या दुकानाकडे गेल्या. आजीनं त्या जुडीवर परत पाणी मारलं. घरी आल्यावर रांजणाशी बोलली.

तो अबोला अकरा दिवस चालला. मी दोनदा पाया पडले, त्याचेच चार दिवस वाढले. आठव्या दिवशी सकाळी न्हाणीत मला रक्त दिसलं. मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आतून काहीतरी फाटलं आणि आता मी मरणार, एवढंच मला कळलं. आजी ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी तिच्याकडे गेले नाही, रांजणापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "रांजणा, आजीले सांग, मले रगत येऊन राह्यलं."

आजीचा हात थांबला. आता ती मला जवळ घेईल असं वाटलं, अगदी नक्की वाटलं. तिनं काडी मोडली, बाजूला टाकली आणि म्हणाली, "रांजणा, तिले सांग, असानं कोणी मरत नाई. पेटीत जुनं लुगडं हाये." मग आणखी तीन दिवस.

ते तीन दिवस मी कधी विसरले नाही. लग्नानंतर सासरचे म्हणायचे, सून मोठी शांत आहे. नवऱ्याला काय ते ठाऊक आहे. त्यानं एकदा माझा पाच दिवसांचा अबोला सोसलाय, पुन्हा माझ्या वाटेला गेला नाही.

आई-वडील गेले, भावाच्या पुण्यातल्या घरात जागा निघेना, तेव्हा आजीला मी मेहकरला माझ्या घरी आणलं. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. लोकांनी माझं कौतुक केलं. मी मात्र अबोल्याला कारण शोधत होते, आणि म्हातारी कारणच देईना! मिळेल ते खायची, नळाच्या आवाजावरून वेळ सांगायची, माझ्या सात वर्षांच्या मुलीशी गप्पा मारायची. दोन महिन्यांनी एकदाचं सापडलं. शेजारणीपुढे ती म्हणाली, "हिच्या हातचं वरण म्हणजे नुसतं पाणी." वरण खरंच पातळ झालं होतं.

संध्याकाळी ताट ठेवून मी फ्रीजला म्हणाले, "तिले सांग, जेवण वाढलं." आजी हसली. "शिकली बापा," म्हणाली. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी फ्रीजशी बोलणंही बंद केलं. आंधळ्याला माणूस आवाजानंच कळतो, हे मला माहीत होतं. बांगड्या वर सरकवून मी घरात वावरायला लागले. तिला अंघोळ घातली, केस विंचरले, तोंडात घास दिले. "कोण हाये?" ती प्रत्येक घासाला विचारायची. अकरा दिवस, असं मी ठरवलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि हळूच म्हणाली, "भिंती, तिले सांग, मी हारली."

माझी मुलगी खाटेच्या पायथ्याशी गृहपाठ करत होती. तिनं पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी फ्रीजकडे वळून म्हणाले, "तिले सांग, अजून दोन दिवस."

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन गेले, तर आजी गेलेली होती. हात अजून कोमट होता. आता बोलून उपयोग नव्हता, तरी मी तिला हाक मारली. बायका जमल्या. शेजारीण सगळ्यांना सांगत होती की नातीनं पोटच्या पोरीसारखं केलं, म्हातारीला कधी एक शब्द वाकडा बोलली नाही. मी मान खाली घातली. मुलगी दारात उभी राहून ते ऐकत होती.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. जेवते, शाळेत जाते, बापाशी हसते. मी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, तिच्या आवडीचं करून पाहिलं. आज आठवा दिवस. सकाळी ती वेणीसाठी माझ्यापुढे बसली, मान अगदी सरळ धरून. रिबिन बांधून झाली. मी फ्रीजकडे तोंड केलं आणि म्हणाले, "तिले सांग, आई हारली."

तिनं दप्तर उचललं, चपला घातल्या आणि फ्रीजला म्हणाली, "तिले सांग, अजून दोन दिवस."