कूलर सुरू होता

"वजन वाढलं हे खरं. कशानं वाढलं, ते सांग."

सरांचं हे वाक्य आमच्या रसायनशास्त्र विभागात ऐकलं नाही असा विद्यार्थी नसेल. चष्मा कपाळावर चढवून, तराजूच्या काचेला नाक लावून ते हे विचारायचे. कँटीनच्या भैयानं एकदा त्यांच्या पोटावरून गंमत केली, तेव्हा त्यालाही त्यांनी शांतपणे हेच विचारलं. "समोसों से, सर," भैया म्हणाला. सरांनी मान डोलावली. कारण सापडलं होतं.

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी त्यांच्याकडे गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा रेल्वेत फिटर. आई विचारायची, "दिवसभर तिथं काय करून राहिली तू?" मला सांगता यायचं नाही. सर म्हणाले, आईला सांग, बाळाच्या डायपरमध्ये पाणी धरून ठेवणारा पदार्थ असतो ना, आपण इथं बनवतो ते जेल त्याचंच भावंड. फक्त त्यानं कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड धरावा अशी आपली इच्छा. रायपुरात गच्चीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी बसते, इथं राहिला असाल तर ती तुम्हीही झटकली असेल. सर म्हणायचे, भुकटी दिसते, वायू दिसत नाही, म्हणून आपण वजन करतो.

ते नागपूरकडचे. माझ्याशी मराठीत बोलायचे. माझी मराठी घरापुरतीच, मी हिंदीत उत्तर द्यायची. त्यांनी कधी टोकलं नाही.

जेलचे वाळवलेले दाणे साबुदाण्याएवढे. त्यांच्यावरून वायू सोडायचा आणि आधीचं-नंतरचं वजन बघायचं. एरवी दाणे काचेच्या जड झाकणाच्या भांड्यात ठेवायचे. तळाशी निळे खडे असत. हवेतली ओल शिरली की ते गुलाबी होत. झाकण उघडं दिसलं की सर स्वतः उठून ते लावायचे. तेवढ्यानंच आम्हाला लाज वाटायची.

मे महिन्यात खोली तापली. सरांचा घाम रजिस्टरवर टपकायचा, म्हणून मी व्हरांड्यातला कूलर दारात ओढून लावला. त्याच आठवड्यात दाण्यांचं वजन कधी नव्हे इतकं वाढायला लागलं. प्रकल्पाला मुदतवाढ मिळणार की तो बंद होणार, हे पुढच्याच महिन्यात ठरणार होतं. सर आकडे बघत राहिले. शनिवारी बुढापारा भागातल्या दुकानातून जिलेबी घेऊन आले. पण "कशानं?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी भांडं पुसताना मला खडे दिसले. सगळे गुलाबी.

कूलरची ओली हवा. जेलनं धुरातलं फारसं काही धरलं नव्हतं, खोलीतलं पाणी प्यायलं होतं. खरं सांगते, खडे भट्टीत तापवून पुन्हा निळे करावेत आणि गप्प बसावं, असंही मनात आलं. शोधनिबंधात माझं नाव येणार होतं, आणि बाबांनी ते वर्कशॉपमध्ये सांगूनही टाकलं होतं.

सोमवारी सरांसमोर उभी राहिले, तर शब्द मराठीत आले. "सर, वजन वाढलं. पण कशानं, ते मी पाहिलं नाही. कूलर मीच लावला होता."

सरांनी भांडं उचलून खडे उजेडात पाहिले. मग म्हणाले, "मीही कुठं विचारलं?" माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, "काहून घाबरून राहिली? तराजू पूस."

त्यांनी उठून कूलर बंद केला, व्हरांड्यात ढकलला आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं. रजिस्टरच्या आठ पानांवर आडवी रेघ मारून खाली लिहिलं, 'कूलर सुरू होता. मी तपासलं नाही.' आणि सही केली. माझं नाव कुठेच नव्हतं.

पुढचे दोन आठवडे आम्ही घामानं भिजलेल्या कपड्यांत तेच प्रयोग पुन्हा केले. वजन वाढलं, पण फारच थोडं. सरांनी तेच आकडे समितीपुढे ठेवले. मुदतवाढ मिळाली नाही.

ते नागपूरला परत गेले, त्या दिवशी मी स्टेशनवर गेले होते. माफी मागायची होती. डब्याच्या दारातून माझ्याकडे बघून तेच म्हणाले, "थोडंच वाढलं, पण कशानं ते आपल्याला माहीत आहे." गाडी सुटली, तरी ते चष्मा कपाळावर ठेवून उभेच होते.

आता त्या खोलीत दुसरे सर आहेत, दुसरा विषय आहे. मी अजून तिथेच काम करते. दर सोमवारी खडे तापवते, निळे झाले की झाकण लावते. यंदाचा मेही तसाच तापला. कूलर व्हरांड्यात आहे, तोंड भिंतीकडे. कोणी फिरवला नाही.