मधला गाळा रिकामा असेल तर

ऑफिसात तिला सगळे ‘उलटतपासणी’ म्हणत, अर्थात पाठीमागे. इमारतींची ड्रॉइंगं तिच्या टेबलावरून पुढे जात आणि तिची सही झाल्याशिवाय साइटवर एक सळई कापली जात नसे. भाजीवाल्याने न मागता एक लिंबू जास्त टाकलं, तर ही घरी येऊन सगळी भाजी पुन्हा वजन करून बघे. नवरा होता तोवर म्हणायचा, “अगं, माझ्यावर तरी विश्वास ठेव.” ती म्हणायची, “ठेवते की. पण कुलूप मी बघून येते.” एकतीस वर्षांत तिच्या सहीच्या एकाही बीमला तडा गेलेला नव्हता. दागिन्यांची तिला हौस नव्हती. मिरवायची ती एवढंच मिरवायची.

अशा बाईला जावई मिळाला तोही इंजिनियर, आणि दोन वर्षांनी येऊन चिकटला त्याच ऑफिसात. बाकीच्या पोरांना ती सरळ अरे-तुरे करी. जावयाला अरे म्हणायला जीभ रेटेना आणि अहो म्हटलं की पोरं खुदखुदत. मग ती भिंतीकडे बघून बोले, “हे ड्रॉइंग कोणी काढलंय? उद्यापर्यंत बदलून मिळावं.”

त्या सोमवारी त्याने एका वाचनालयाचं ड्रॉइंग आणलं. चार खांबांवर सलग टाकलेला एक लांब बीम, म्हणजे खांबांमधले तीन गाळे. तिने हिशेब चाळला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“मधल्या गाळ्यात कोणी नसेल तर?”

तो हसला. “आई, मी तिन्ही गाळे माणसांनी आणि पुस्तकांनी गच्च भरलेले धरलेत. त्याहून जास्त भार येणार कुठून? माणसं उठून गेली तर बीम सुखातच राहील ना!”

तिने टेबलावर चार खोडरबर ओळीने मांडले, त्यांवर प्लास्टिकची लांब पट्टी ठेवली आणि दोन्ही कडेच्या गाळ्यांवर बोटं दाबली. कडेचे गाळे खाली वाकले आणि मधला भाग टुणकन वर उचलला गेला.

“मधे भार असतो तेव्हा तो मधल्याला खाली धरून ठेवतो. तो उठला की बाजूचे दोघे मिळून मधल्याला वर ढकलतात. मग तिथलं वरचं काँक्रीट ताणलं जातं. ताण सोसायला तिथे वरून सळ्या हव्यात, आणि इथे तर त्या खांबाजवळच तोडल्यात. पुन्हा करून आणायचं, कधी हा गाळा भरलेला, कधी तो रिकामा, असं सगळं धरून.”

त्याचा चेहरा उतरला. तिने विचारलं, “हा नमुना घेतला कुठून?”

“असाच... एका जुन्या ड्रॉइंगवरून,” तो म्हणाला आणि ड्रॉइंग गुंडाळून घाईघाईने उठला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

त्यानंतरचा आठवडा तिने त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. ड्रॉइंगची नळी तो जेवायला जातानाही काखेत घेऊन जाई. मंगळवारी, शुक्रवारी आणि पुन्हा सोमवारी तो दुपारी दोन तास गायब झाला. फोनवर कुजबुजे, ती आली की “बरं, ठेवतो” म्हणे. मंगळवारी सकाळी ती लेकीकडे डबा द्यायला गेली, तर स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, “आईला इतक्यात कळता कामा नये.” कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला पक्कं कळलं. दोघं मिळून मोठ्या साहेबांना गाठणार आणि माझ्या डोक्यावरून सही मिळवणार, असं तिने ठरवूनही टाकलं. पोटच्या पोरीने यात असावं याचं तिला फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी तो नळी खुर्चीत विसरून साहेबांकडे गेला. तिने क्षणाचाही विचार न करता ती उघडली. आत पिवळं पडलेलं ड्रॉइंग होतं. सरकारी कागदपत्रांचा दुमजली दप्तरखाना, तीन गाळ्यांचा बीम, वरच्या सळ्या खांबाजवळच तोडलेल्या. कोपऱ्यात सही तिची, नोकरीच्या तिसऱ्या वर्षातली.

रिकाम्या गाळ्याची गोष्ट तिला त्यानंतर दोन वर्षांनी समजली होती. तेव्हापासून तिने अख्ख्या जगाला तो प्रश्न विचारला. आपल्या आधीच्या सह्यांना विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

अर्ध्या तासात ती त्या दप्तरखान्यात पोचली. वरच्या मजल्यावर दोन्ही बाजूंच्या खोल्यांत छतापर्यंत फायलींचे गठ्ठे. मधल्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि चटई.

“इथली कपाटं?” तिने कारकुनाला विचारलं.

“गेल्या वर्षी बाजूच्या खोल्यांत हलवली, बाई. आता कसं मोकळं वाटतं!”

तिने चटई उचलली. खोलीच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीच्या दिशेने एक चीर निघालेली होती, थेट फरशी फोडून गेलेली. चिरेच्या टोकाशी पेन्सिलीच्या तीन आडव्या खुणा, प्रत्येकीपुढे तारीख आणि वार. मंगळवार, शुक्रवार, सोमवार. दर खुणेला चीर बोटभर पुढे सरकली होती.

“एक साहेब येऊन करून जातात,” कारकून म्हणाला. “म्हणाले, बोलू नका कुणाजवळ. एक बाई आहेत, त्यांना सोसायचं नाही.”

शरमेने तिचे कान तापले. पण आधी तिने मजल्यावरची माणसं बाहेर काढली, खाली टेकू लावायला माणसं बोलावली आणि गठ्ठे उतरू लागले तेव्हाच ती तिथून हलली.

ऑफिसात शिरताच ती सगळ्यांसमोर जावयापुढे उभी राहिली. “आठ दिवस झाले तुम्हाला कळून!”

तो चाचरला. “आई, एकतीस वर्षांची तुमची सही... आधी चीर वाढते का बघावं म्हटलं.”

“वाढली ना? मग? माझी सही जपलीत, आणि त्या चटईवरून माणसं चालत होती!”

तिने बसून अहवाल लिहिला. पहिलंच वाक्य होतं, ‘मधला गाळा रिकामा धरून हिशेब केलेला नाही, चूक माझी आहे.’ मग कपाटातून पहिल्या पाच वर्षांतली आपली अकरा ड्रॉइंगं काढून तिने त्याच्या टेबलावर ठेवली.

“तपासा.”

“मी? तुमची?”

“सही कुणाची आहे ते बघायचं नाही.”

पोरं श्वास रोखून बघत होती. जावयाने पहिलं ड्रॉइंग उलगडलं, बराच वेळ पाहिलं आणि मान वर न करता विचारलं, “यात मधला गाळा रिकामा धरला होता का?”

“आठवत नाही,” ती म्हणाली.

“मग माझी सही होणार नाही. पुन्हा करून आणा.”

तिने ड्रॉइंग उचललं आणि आपल्या टेबलाशी जाऊन हिशेबाला बसली.