पाळी बंद झाली तेव्हा

"दार उघडंच ठेव," वॉर्डन मॅडम म्हणाल्या आणि माझ्या हातात प्लॅस्टिकचा कप दिला. लघवी तपासायची होती. मी संडासात बसले. बाहेर वर्गातल्या मुली बादल्या घेऊन रांगेत उभ्या. सगळ्यांना सगळं दिसत होतं.

चार महिने मी मॅडमच्या कपाटातून पॅड नेलं नव्हतं. एवढ्यावरून मला दिवस गेलेत, असं त्यांनी ठरवून टाकलं. "तुम्हा जंगलातल्या मुलींचं काही सांगता येत नाही."

चंद्रपूरचं नर्सिंगचं हॉस्टेल. मी एटापल्लीकडची. धान कापणारी, मोहफुलं वेचणारी. आले तेव्हा अंगानं चांगली भरलेली होते. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "बघा, ही आत्ताच दोन लेकरांची आई दिसते." मुली फिदीफिदी हसल्या. मीही हसले. काय करणार? त्या दिवसापासून ताट नकोसं झालं.

छाती, कंबर, मांड्या, सगळ्याची शिसारी यायची. मला बाई दिसायचंच नव्हतं. पाळी थांबली तेव्हा तर आनंद झाला. वाटलं, सुटले एकदाची. जिना चढताना अंधारी यायची, केस मूठमूठ गळायचे, तरी मी मला जाडच दिसायचे. मरून जावंसं वाटायचं. पण हे सांगायचं कोणाला?

टेस्टमध्ये काही निघालं नाही. मॅडमचा विश्वास बसेना. त्यांनी आईला बोलावून घेतलं. पोरगी पोटुशी असेल, असं फोनवरच सांगितलं. आई मिळेल त्या बसनं आली. तिनं माझं मनगट धरलं आणि मॅडमकडे वळली.

"बाई, तुमी हिले खायले नाई देत का?"

"विषय बदलू नका," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यासमोर पुन्हा टेस्ट करू."

एवढ्या शिकलेल्या बाईला माझी हाडं दिसत नव्हती. माझ्या अडाणी आईला हात धरताच कळलं. माझं डोकंच फिरलं.

"नाई करत," मी म्हणाले. "मी जेवत नाई, मॅडम. म्हणून पाळी गेली. तुमी मले हसल्या तेव्हापासून नाई जेवत. दवाखान्यात न्या मले."

अख्ख्या हॉस्टेलनं ऐकलं. मॅडमनी दवाखान्यात जाऊ दिलं. माफी मात्र मागितली नाही.

मी बरी झालेली नाही. दवाखाना चालू आहे. घास अजून घशात अडकतो, खाल्लं की स्वतःचा राग येतो. पण यंदा नव्या मुली येतील, एटापल्लीच्या, भामरागडच्या. त्यांच्या अंगावरून कोणी बोललं, कोणी त्यांना असं तपासायला निघालं, तर मी मध्ये उभी राहणार. उभं राहायला अंगात ताकद लागते. म्हणून खाते. रडत खाते.