उजव्या मनगटाची राखी

"लांबूनच बोला बाई. हात लागला तर मारीन बगा."

आमच्या लातूरच्या गल्लीतला रसवंतीवाला असं म्हणायचा. उजवा हात छातीशी धरून डावा पुढे उगारायचा. मी त्याच्या लेकीला इंग्रजी शिकवलेलं, म्हणून मी 'बाई'. मुलांनो, तो खरंच मारायचा.

चरकात उसाबरोबर त्याचा हात गेला तेव्हा मी समोरच उभी होते. घुंगरं वाजतच होती. दोन बोटं गेली, रस लाल झाला. जखम भरली, पण आत नस चेचली होती, ती गप्प बसेना. पंख्याचा वारा लागला तरी तो गुरासारखा ओरडायचा. कुणी सांगितलं म्हणून तापलेल्या विळ्याने त्याने स्वतःच हाताला डाग दिला. दुखणं तसंच राहिलं, वर चामडी जळली.

मग राखीपौर्णिमेला कंधारहून बहीण आली. तो दुपारी आडवा झाला होता. राखी उजव्याच हाताला बांधायची, हा तिचा हट्ट. झोपेतच बांधून टाकू, असं तिला वाटलं. दोरा मनगटाला टेकला आणि त्याची डावी मूठ तिच्या तोंडावर बसली. दात पडला, ओठ फाटला.

"दादा, मी हाय रे!" ती ओरडली. तरी त्याने दुसरा ठोसा मारला.

ती न जेवता गेली. तो मला म्हणाला, "डाक्टरला सांगा बाई, तोडा म्हणावं हा हात. न्हाईतर मीच चरकात घालतो."

"तोडून दुखणं जाईलच असं नाही," डॉक्टर म्हणाले आणि बोटुलिनमचं इंजेक्शन सुचवलं. तुमच्याकडे मोठ्या शहरात बायका सुरकुत्यांसाठी घेतात, तेच. मी त्याला समजावलं: मूळ हे जहरच, पण थेंबभर, मोजून टोचलं तर नसा दुखण्याचा जो निरोप मेंदूकडे धाडतात, तो काही महिने थोपवतं. गुण येईलच, याची खात्री नाही.

"जहर? मंग जास्तीच घाला की."

हात आधी बधिर केला होता, तरी सुई दिसताच त्याने लाथेने ट्रे उडवला. तिघांनी दाबून धरला, तेव्हा कुठे टोचता आलं.

दहा-बारा दिवसांनी तो पंख्याखाली बसलेला दिसला. "दुखतंय बाई. पण आता नुसत्या शिव्या देतंय, मारत न्हाई."

औषधाचा असर उतरला की पुन्हा टोचावं लागे. पुढच्या राखीला त्याच्या बहिणीला मीच फोन केला. "मारणार न्हाई ना?" तिने विचारलं. "सांगता येत नाही," मी म्हणाले. तरी ती आली. हातभर लांब उभी राहिली, तोंडावर पदर धरून.

आता रसवंती बंद आहे. तो किल्लारीला लेकीकडे गेला. रसवंतीच्या कोपऱ्यावरून जाताना मला तो त्या राखीला होता तसाच दिसतो: उजवा हात बहिणीपुढे केलेला, डोळे गच्च मिटलेले, आणि डावा हात स्वतःच्याच मांडीखाली दाबून धरलेला.

"बांध गं," तो म्हणाला होता.